शेजाऱ्याचा अँड्रॉइड

साखरखेर्ड्याला माझ्या शेताला लागूनच त्याचं शेत आहे. बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला, काच तडकलेला अँड्रॉइड फोन कायम त्याच्या बंडीच्या खिशात. पाऊस असो की बाजारभाव, त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं, "माह्या फोनात हाये. फोन काऊन खोटं बोलीन?" माझ्या आयफोनला तो पाहुणा म्हणायचा. "देखना हाये भाऊ, पन वावरात काय कामाचा?"

पुढं धुऱ्याजवळच्या, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधालगतच्या, दोन हात पट्टीवरून आमचं बोलणंच बंद झालं. ती माझी, असं मी म्हणायचो आणि तो दर पेरणीला तिच्यावर वखर घालायचा.

त्या वर्षी पीक नोंदवायचा शेवटचा दिवस उजाडला. नोंद नसेल तर विमा नाही, आणि त्या नोंदीचं अ‍ॅप माझ्या आयफोनवर मिळेना. तोच धुरा ओलांडून आला. "गट नंबर सांगा भाऊ, मी करून देतो."

फोटो काढायला तो नेमका त्या पट्टीवर जाऊन उभा राहिला. "पाहू आता फोन काय म्हन्ते."

नकाशावर त्याची जागा दाखवणारा ठिपका माझ्या गटात पडला. त्यानं काच बंडीला पुसली आणि पुन्हा पाहिलं. मग माझ्या तुरीचा फोटो काढून नोंद केली आणि धुरा ओलांडून परत गेला.

तेव्हापासून त्याचा वखर पट्टीपाशी येऊन मागं वळतो.

फोनवरचा तो ठिपका पाच-दहा हात इकडंतिकडं सरकतो, हे मला ठाऊक आहे. त्याला मी अजून सांगितलेलं नाही.