वच्छलाबाईंची सात्यांची शाळा

वरूडच्या संत्राबागा जिथे संपतात आणि सातपुड्याचा खडकाळ उतार सुरू होतो, तिथल्या एका गावात वच्छलाबाई शाळेतल्या मुलांची खिचडी शिजवतात. पावसाळ्यात त्यांच्याकडे आणखी एक काम येते. बागांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, जी वारुळे आहेत, त्यांतून सात्या उगवतात. सात्या म्हणजे खाण्याजोगी रानअळंबी. त्या मुलांना दाखवायच्या, एवढेच ते काम.

त्यांच्याविषयी गावात बरेच काही सांगितले जाते. त्या डोळे मिटून, नुसत्या वासावरून सात्या ओळखतात, असे एक. त्यांचा भाऊ लहानपणी विषारी छत्री खाऊन गेला आणि तेव्हापासून त्यांनी हे व्रत घेतले, असे दुसरे. पहिली गोष्ट प्रत्यक्ष पाहिलेला माणूस सापडत नाही. दुसरी काढली की वच्छलाबाई भडकतात. "माहा भाऊ अकोल्यात ऑटो चालवते. जित्या मानसाले कायले मारता बे?"

सुरुवात याहून फार साधी होती. एका दुपारी कोणा पोराने खिशातून मूठभर चुरगळलेल्या छत्र्या काढल्या आणि उकळत्या खिचडीवर धरून विचारले, "मावशी, टाकू का?" वच्छलाबाईंनी त्याचे मनगट पातेल्यावरच पकडले. त्या संध्याकाळी घरी जाताना त्यांना जाणवले, की आपल्याला ओळखता येते यावरच आपण आजवर समाधानी राहिलो. पोरांना ते सांगण्याचे शब्द आपण कधी शोधलेच नाहीत. शाळेच्या देवानंद सरांना विचारून त्यांनी वर्ग सुरू केला, आणि त्यासाठी दिवस निवडला नागपंचमीचा.

या निवडीत त्यांचे शहाणपण होते. नागपंचमीला कोणी खणत नाही, चिरत नाही, कापत नाही. चुलीवर तवाही चढत नाही. ज्या दिवशी मोठ्यांचेच हात अडकलेले असतात, त्या दिवशी पोरांना हात पाठीमागे बांधायला लावणे सोपे जाते. बायकांची वारुळाची पूजा आटोपली, लाह्या-दूध वाहून झाले, की वच्छलाबाई मुलांना घेऊन तिथे बसत.

ही गोष्ट घडली त्या वर्षीही तसाच वर्ग भरला. "हे घर कोनाचं?" वारुळाकडे बोट करत वच्छलाबाईंनी विचारले.

"नागोबाचं!" पोरे ओरडली.

"नागोबा भाड्यानं राहते. बांधलं उधळीनं, वाळवीनं. थ्या अंदर सात्यांची शेती करून राहिल्या, अन् आपन वरून फोडतो. घर फोडलं तं पुढच्या साली काय मिळन?"

"ढेकलं," मागून दामिनी म्हणाली. ही पाचवीतली मुलगी त्यांची सर्वांत लक्ष देणारी विद्यार्थिनी.

"माकडं खातात थ्या छत्र्या बी चांगल्या असतात ना, मावशी?" दुसऱ्या एका मुलीने विचारले.

"तू माकड हायेस काय वं? पाहाचं डोळ्यानं. उचलाचं मोठ्या मानसाच्या संग. अन् वारुळाले दुखवाचं नाई."

दामिनीने यातले शेवटचे वाक्य मनात अगदी घट्ट धरले. ते फार घट्ट धरले गेले, हे दोन दिवसांनी कळले.

दामिनीची आत्या पौर्णिमा सणासाठी अकोल्याहून माहेरी आली होती. तिला सातवा महिना लागला होता आणि सात्यांच्या भाजीचे डोहाळे लागले होते. दामिनीची आजी गोदाबाई घरची कर्ती. लेकीचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता. हे सगळे ऐकून दामिनी एकटीच पहाटे धुऱ्यावर गेली आणि ओढणीत गाठोडे बांधून घेऊन आली. घरात आनंद झाला. तरी पौर्णिमाच म्हणाली, की एकदा वच्छलाबाईंना दाखवून घ्या.

वच्छलाबाई अंगणात आल्या तेव्हा चूल पेटलेली होती आणि कांदा परतल्याचा वास सुटला होता. त्यांनी गाठोडे उलगडले. एक छत्री उचलली, उलटी केली, खाली ठेवली. दुसरी उचलली. मग त्यांचा हात थांबला. खऱ्या सात्या वारुळाच्या पोटातून येतात. त्यांचा देठ खाली मुळासारखा निमुळता होत लांब गेलेला असतो. गाठोड्यातल्या एकीलाही तो देठ नव्हता. सगळ्या जमिनीलगत खुडलेल्या होत्या.

"असं काहून खुडलं वं?"

"तुमीच सांगतलं ना," दामिनी अभिमानाने म्हणाली, "वारुळाले दुखवाचं नाई म्हनून. म्या नखानं वरच्यावर तोडलं."

"साऱ्या वारुळावरच्याच?"

दामिनी घुटमळली. "थोड्याशा बाजूच्या गवतातल्या. आत्यासाठी कमी पडत होत्या."

आपणच शिकवले, पोरीने ते प्रामाणिकपणे पाळले, आणि ओळख पटवणारी खूण वारुळातच राहून गेली. बऱ्याचशा सात्याच होत्या, असे त्यांचे मन सांगत होते. पण 'बऱ्याचशा' या शब्दावर पोटुशी बाई जेवू शकत नव्हती.

"गोदामाय, हे फेका. सारं."

"काहून? कोनती खराब हाये थे काढ, बाकीच्या शिजवतो."

"कोनती थे मले मालूम नाई."

गोदाबाई हसली, आणि त्या हसण्यात धार होती. "घ्या! गावभर मास्तरीन म्हनून मिरवतं, अन् म्हनतं मालूम नाई!"

"मोबाइलवर फोटो टाकला व्हता," पौर्णिमा चाचरत म्हणाली, "तं खायचंच दिसलं."

"मोबाइलले पोट नाई, बाई. तुले दोन जीव हायेत."

गोदाबाईने वाद मिटवायला घरात जाऊन चांदीचा कलदार आणला. तिच्या सासूच्या वेळेपासूनचा तो जुना रुपया. भाजीत टाकायचा; काळा पडला तर विष, नाही पडला तर खुशाल जेवायचे. ही परीक्षा त्या गावात पिढ्यांची आहे. ती कधी चुकली का, असे विचारले तर कोणी तसे सांगत नाही. मात्र अनेकांनी ती केलेलीच नसते, ऐकलेली असते.

वच्छलाबाईंना कळून चुकले, की आता नुसत्या नाही म्हणण्याने भागणार नाही. त्या इथून उठून गेल्या, की गाठोडे पातेल्यात जाणार. त्यांनी विचारले, "गोदामाय, उकिरड्यापाशी थे मोठी पांढरी छत्री उगवते, हिरवट पोटाची. थे कशी?"

"जहर! मांगच्या साली आमचा सालदार थेच खाऊन ओकत व्हता. जीपनं वरूडले न्या लागलं."

"पक्कं?"

"अवं पक्कं म्हंजे! म्या सोता पाह्यलं."

वच्छलाबाई उठल्या. हाताला पिशवी गुंडाळून त्यांनी तीच छत्री उपटून आणली. अंगणाच्या कडेला, स्वयंपाकापासून दूर, तीन दगडांवर पत्र्याचा टाकाऊ डबा ठेवला. त्यात पाणी, ती छत्री, आणि गोदाबाईच्या हातातून घेतलेला कलदार. वाफ अंगावर येऊ नये म्हणून वाऱ्याच्या वरच्या बाजूला त्यांनी सगळ्यांना बसवले. डबा उकळू लागला. गोदाबाई पुटपुटत होती, पौर्णिमा पोटावर हात ठेवून पाहत होती, आणि दामिनीचे डोळे डब्यावरून हलत नव्हते.

बराच वेळ उकळल्यावर वच्छलाबाईंनी काडीने कलदार बाहेर लोटला आणि त्यावर पाणी ओतले. तो लखलखत होता. घरातून आणला होता त्याहूनही उजळ.

"पाहा गोदामाय. कलदार म्हनते का चांगली हाये." त्यांनी डब्याकडे बोट केले. "वाढू काय ताटात?"

चुलीच्या निखाऱ्यांवर विसरलेला कांदा करपू लागला तेव्हा कुठे गोदाबाई भानावर आली आणि कढई उतरवायला धावली. परत आली तेव्हा तिचा आवाज उतरला होता, पण मोडला नव्हता. "कलदाराले नावं ठेवू नोको. देवाचा हाये थो."

"नाई ठेवत. देवाच्या कामाले राहू द्या त्याले. जेवनाच्या साक्षीले नोका बलावू."

पौर्णिमानेच मग गाठोडे पायाने दूर सारले. "आई, ढेमसं हायेत ना? मले ढेमसं चालतात." डोहाळे खरेच बदलले, की आईची लाज राखायला ती तसे म्हणाली, हे तिने नंतरही कोणाला सांगितले नाही.

शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून सगळे पुरायचे ठरले. दामिनी रडत होती. पहाटेची तिची सगळी मेहनत त्या खड्ड्यात चालली होती. गोदाबाईने खुरपे आणून दिले, वच्छलाबाईंनी खोल खणले.

"मावशी," दामिनीने नाक पुसत विचारले, "त्यातली खराब कोनती व्हती, थे तं सांगा."

"असन एखांदी. नसन बी."

"म्हंजे साऱ्या चांगल्याच असतीन तं?"

"तं चांगल्या गेल्या, पोरी." त्यांनी तिच्या हातात ओढणी दिली, नुसती झटकू नको, आधी धू, म्हणाल्या. "चूक तुही नाई. म्या वारुळाचं सांगतलं, देठाचं नाई सांगतलं. थे माह्यं राह्यलं."

पुढच्या रविवारी त्यांनी पोरांना पुन्हा बोलावले. वारुळापाशी जाण्याआधी, रस्त्यातच थांबून, त्यांनी एकेकाकडून एकच वाक्य मोठ्याने म्हणून घेतले: "मले मालूम नाई." पोरे खिदळत होती, एकमेकांना ढकलत होती. दामिनीची पाळी आली तेव्हा ती मात्र हसली नाही. तिने ते वाक्य सरळ उभे राहून, स्पष्ट म्हटले.