एक्स पार्टे

दरवर्षी अकरावीच्या वर्गात मी एक तास फक्त उसन्या शब्दांसाठी राखून ठेवते. इंग्रजीने कोणाकोणाकडून काय उचललं, ते सांगायचा तास. जळगावची पोरं आधी जांभया देतात. मग मी विचारते, स्कॉलरशिपला काय लागतं? "बोनाफाईड!" प्रॅक्टिकलला कशाची धास्ती असते? "व्हायवा!" पुण्याची गाडी कशी जाते? "व्हाया मनमाड!" बाळांनो, मी म्हणते, हे सगळं लॅटिन आहे, तुमच्या आजोबांनाही येतं. हॉटेलातला मेन्यू फ्रेंच आहे. आपली लूटसुद्धा साहेबाने लुटून नेली. इंग्रजी ही मोठी निलाजरी भाषा, दिसेल ते उचलते आणि आपलंच म्हणून मिरवते. वर्ग हसतो आणि मी जरा जास्तच खुलते.

गेल्या हिवाळ्यात त्याच जातीचा एक शब्द आमच्या घरात शिरला, आणि माझं खुलणं बंद झालं.

माझी धाकटी बहीण धुळ्याकडच्या एका गावात दिली होती. दोन वर्षांपूर्वी ती पोरीला घेऊन माझ्याकडे जळगावला निघून आली. का आली, ते तिने कधी धड सांगितलं नाही. तिची सवयच तशी, विचारलं तरी मान हलवायची. ब्लाऊज शिवायची आणि पोरीला शाळेत सोडायची. मग गावाकडच्या कोणीतरी कळवलं, की तिच्या नवऱ्याने धुळ्याच्या कोर्टात घटस्फोट मागितलाय आणि पोरीचा ताबाही. नोटीस सासरच्या पत्त्यावर गेली होती आणि तिथेच कोणीतरी घेऊन ठेवली होती. पहिल्या तारखा उलटून गेल्या होत्या.

मी धुळ्याचा वकील गाठला. तो म्हणाला, "साहेबांनी शेवटची संधी दिलीये. पुढच्या तारखेला बाई स्वतः हजर पाहिजेत. नाहीतर एक्स पार्टी होऊन जाईल."

"एक्स पार्टे," मी म्हणाले. मला राहवतच नाही.

घरी येऊन बहिणीला अर्थ सांगितला. एकाच बाजूचं ऐकायचं आणि निकाल द्यायचा. ती मशीनवर बसली होती. पाय थांबला. तिने आमच्या अहिराणीत विचारलं,

"माले न इचारताच? मनी पोर दी टाकतीन?"

पोर अशी कोणी देऊन टाकत नाही, म्हणत मी खूप काही बोलले. कायदा, अपील, असं काय काय. तिने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. पोर शेजारच्या खोलीत पाढे म्हणत होती. 

तारखेच्या दिवशी पहाटेच आम्ही जळगावहून एसटी धरली. पोरीला शेजारणीकडे ठेवलं. "शाळेतून येशी तव्हय मी घर राहसू," असं तिला सांगून बहीण निघाली. बसमध्ये मी तिची उजळणी घेतली, एखाद्या परीक्षेला बसवावं तशी. नाव पुकारलं की उभं राहायचं. 'उपस्थित आहे' म्हणायचं. हळू बोलायचं नाही. आणि तिथे अहिराणी नको, 'इथे आहे'ला 'आठे शे' नको, कोर्ट आहे ते, नीट बोल. ती मान हलवत होती. मला तिचा राग येत होता आणि मांडीवरचा तिचा हात सोडवतही नव्हता.

पारोळ्याच्या पुढे गाडी थांबली. पुढे ट्रक, मागे ट्रक. कंडक्टर उतरला आणि परत येऊन म्हणाला, कापसाची गाडी आडवी झालीये, रस्ता बंद. लोक खाली उतरून तंबाखू मळायला लागले. कोणाला काही घाई नव्हती. मला त्या सगळ्यांना एकेक थोबाडीत द्यावीशी वाटली. वकिलाला फोन लावला.

"मॅडम, बोर्ड सुरू होतोय. आपलं मॅटर यादीत वरच आहे. मी थोडं थांबवून बघतो, पण पुकारा झाला आणि बाई नसल्या तर एक्स पार्टी."

"पार्टे!" मी ओरडले. खरंच ओरडले. उन्हात उभी राहून, ट्रकच्या धुरात.

"उच्चार नंतर बघू मॅडम. आधी पोचा."

मी बहिणीचा हात धरला आणि चालायला लागले. रांगेच्या कडेकडेने, काट्याकुट्यातून. तिच्या चपलेचा अंगठा तुटला तर ती चप्पल हातात घेऊन चालली. आडव्या ट्रकमधून कापूस रस्ताभर सांडला होता, बाया तो गोळा करत होत्या. आम्ही त्यातूनच गेलो. पलीकडे एक काळीपिवळी जीप धुळ्याकडे तोंड फिरवत होती. मी काही बोलण्याआधीच ड्रायव्हरने आमचे अवतार बघितले. "धुळाले जानं शे ना? बसा."

कापूस आमच्या साड्यांना चिकटला होता. बहीण तो एकेक करून वेचत बसली. मी मनात तेच ते घोळवत होते. एक्स पार्टे, अॅड हॉक, स्टेटस क्वो, प्रायमा फेसी. एवढे शब्द मला ठाऊक, पण त्यातला एकही गाडीचा वेग वाढवत नव्हता. मला माझाच वीट आला. मधेच बहीण म्हणाली, "अक्का, पोरनी भाजी खादी व्हई का?" मी म्हटलं, खाल्ली असेल. 

कोर्टाच्या फाटकाशी उतरलो तेव्हा वकिलाचा फोन वाजला. "पुकारा सुरू झालाय. कुठे आहात?" जिना लोकांनी भरलेला. काळे कोट, फायली, उकिडव्या बसलेल्या म्हाताऱ्या. वरून शिपायाचा आवाज आला, तिचं नाव. मी पायऱ्या चढत होते. दुसऱ्यांदा नाव. एका वकिलाला मी कोपराने ढकललं, तो काहीतरी बोलला. माझा श्वास पुरेना. मी तोंड उघडलं, 'उपस्थित' म्हणायला, निदान 'आहे' म्हणायला. घशातून काहीच निघेना. आयुष्यभर वर्गात ओरडून कमावलेला माझा गळा!

तिसऱ्यांदा तिचं नाव आलं.

"मी शे!"

तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. माझ्या मागून आला होता. सगळा जिना वळला. "मी शे! मी आठे शे!" एका हातात चप्पल घेऊन माझी बहीण अनवाणी वर चढत होती, आणि लोक बाजूला होत होते.

आत न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या चपलेकडे पाहिलं. विचारलं, इतके दिवस कुठे होतात?

मला वाटलं, आता ही मान हलवणार.

"माले कोणी सांगंच नही, साहेब," बहीण म्हणाली. "समजनं तशी उनू. आते मी आठे शे."

समोर तिचा नवरा खाली बघत होता. न्यायाधीश बाईंनी कारकुनाला इंग्रजीत मजकूर सांगितला. त्यात 'प्रेझेंट इन पर्सन' एवढंच मला नीट ऐकू आलं. पुढची तारीख पडली. सगळं मिळून आमच्या कपड्यांवरचा कापूस झटकण्याइतकाही वेळ गेला नाही.

बाहेर व्हरांड्यात तिने वकिलाची वाट अडवली. मी दुभाषी व्हायला पुढे झाले, तर तिने मला हाताने मागे सारलं.

"आते नही ना दी टाकतीन, माले न इचारता?"

 वकीलही बहुतेक इकडचाच होता, कारण एवढे दिवस माझ्याशी पुस्तकी मराठी बोलणारा माणूस एकदम म्हणाला, "नही वं ताई. आते तुले इचारतीन सगळा."

बहीण तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. मी तिच्याजवळ बसले. मलाही रडू आलं, ते लपवायचं मला सुचलं नाही. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि विचारलं, जळगावची गाडी किती वाजता शे. शाळा सुटायच्या आत तिला घरी पोचायचं होतं.