मायचा वाटा

मी शिकवतो त्या शाळेत दर डिसेंबरात मानवी हक्क दिन होतो आणि भाषणाला मलाच उभं करतात. मला सगळं तोंडपाठ आहे. पहिला गट नागरी आणि राजकीय हक्कांचा: जगणं, बोलणं, मत देणं, कायद्यापुढे सगळे सारखे असणं. दुसरा आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक: काम, अन्न, शिक्षण, आरोग्य, आपल्या रीतीने राहणं. तिसरा समूहाचा: विकास, स्वच्छ पर्यावरण, आपल्या भागातल्या साधनसंपत्तीवर ताबा. मुलं टाळ्या वाजवतात. मला स्वतःची शिसारी येते.

मी सिहोऱ्याकडच्या एका गावातला, मासे धरणाऱ्या घरातला. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की सगळ्या घरांनी मिळून मोठं जाळं ओढायचं, ही आमची रीत. ज्या घराचा हात दोराला लागला, त्या घराचा वाटा काठावर पडतो. जोर किती लावला हे कोणी बघत नाही. म्हातारे नुसता हात टेकवतात, तरी त्यांचा ढीग वेगळा निघतो. हात लागलाच नाही, तर त्या घराने तलाव कायमचा सोडला असं धरतात. हे कुठेही लिहिलेलं नाही. पण मला ते लहानपणापासून माहीत होतं.

बाप गेला त्या वर्षी मच्छीमार सोसायटीने त्याचं नाव कमी केलं आणि मायचं नाव चढवायला टाळाटाळ सुरू केली. बाई जाळं फेकत नाही म्हणे. ती मासळी निवडते, वाळवते, डोक्यावर घेऊन बाजार गाठते, ते यांच्या लेखी काम नव्हे. माझं डोकं फिरलं. मी दोन पानी अर्ज लिहिला. समानता, कामाचा हक्क, साधनांवरचा हक्क, तिन्ही गट त्यात कोंबले. सोसायटीचा अध्यक्ष माझा चुलताच. त्याने अर्जाची घडी करून खिशात घातली आणि मला चहा पाजला.

जाळं ओढायच्या सकाळी माय लुगडं खोचून निघाली. मी दारात आडवा झालो.

"अर्ज देल्ला ना मी. हक्क आहे थो तुया. चिखलात उभी राहून कायले मांगतं?"

"मी मांगाले नाई चालली बापा, ओढाले चालली."

मी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती; म्हणूनच मी स्वतःही दोराला हात लावायला गेलो नाही. मास्तराची माय गुडघाभर चिखलात आणि बाजूला माझ्या वर्गातल्या पोरांचे बाप! ती खोचलेलं लुगडं सोडून घरात बसली.

दुपारी काठावर ढीग पडले. आमचा नव्हता. मी तणतणत गेलो, तर चुलता शांतपणे म्हणाला, "गुरुजी, अर्ज तं मस्त लिवला तुमी. पन वहिनी आलीच नाई. तुमच्या घरानं तलाव सोडला." जन्मात कधी त्याने मला गुरुजी म्हटलं नव्हतं. त्याला कारण हवंच होतं, आणि ते मी शहाण्याने घरून नेऊन दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात ती मला न सांगता गेली. तिने दोर धरला. चुलत्याच्या मोठ्या पोराने, ज्याला तिने अंगाखांद्यावर खेळवलं, तिची बोटं एकेक करून सोडवली. सगळं गाव बघत होतं आणि एकानेही तोंड उघडलं नाही.

आता ती आठवडी बाजारात एका व्यापाऱ्याच्या मासळीचे खवले काढते, रोजीने. माझ्या पगारात घरात कशाची ददात नाही. तिला तलावावरची आपली जागा हवी होती, आणि ती माझ्यामुळे गेली. परवा ती पिशवीत विळा ठेवत होती, तेव्हा मी म्हणालो, "माय, पुरे झालं आता. नोको जाऊ."

तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

"त्या रोजी तुनं मले दारात अडवलं," ती म्हणाली, "थो हक्क तुले कोनं देल्ला होता?"