उगवणीची टक्केवारी

नागपूरच्या सरकारी बीज परीक्षण प्रयोगशाळेत जगन्नाथ वैरागडे यांनी चौतीस वर्षं एकच काम केलं. बी उगवतं की नाही ते पाहायचं. ओल्या कागदावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, कागदाची गुंडाळी करून ऊबदार कपाटात ठेवायची, ठरलेल्या दिवशी उघडायची आणि मोजायचं. किती रोपं निकोप, किती विकृत, किती दाणे नुसतेच कुजले. सोयाबीनचे शंभरातले सत्तर उगवले तर पास, एकोणसत्तर उगवले तर नापास. एका दाण्यासाठी त्यांनी ट्रक भरून माल परत पाठवला होता आणि त्या रात्री शांत झोपले होते.

तिथली आणखी एक पद्धत होती. आलेल्या प्रत्येक नमुन्याचे आधी दोन भाग करायचे. एक तपासायचा. दुसरा पाकिटात घालून, नंबर लिहून, लोखंडी कपाटात ठेवून द्यायचा. त्याला गार्ड सॅम्पल म्हणत. उद्या काही चुकलं, सांडलं, कुणी शंका घेतली, तर मागे फिरायला काहीतरी शिल्लक असावं. ही सवय घरातही शिरली. कुंडीत लावायला आणलेलं मेथीचं बीसुद्धा ते अर्धंच पेरत. बायको नंदा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, नशीब माझं, लग्नाच्या वेळी ह्यांनी मला अख्खीच घरी आणली. पाकिटाची कड जिभेनं ओली करून चिकटवायचं काम लहान शिवांगीचं. त्या डिंकाची गोडसर चव तिला आवडायची.

नंदा दोन वर्षांपूर्वी गेली. तिचा दुसरा भाग कुठल्याही कपाटात ठेवलेला नव्हता.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटी जगन्नाथराव सहा महिन्यांसाठी लेकीकडे आले. व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला. शिवांगी घरूनच काम करायची. दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या टेबलासमोरच्या खिडकीतून मागचं अंगण दिसे. जावई संग्राम डेटा सेंटरमध्ये. अंगणापलीकडे झाडांची एक रांग होती आणि तिच्याही पलीकडे बिनखिडक्यांची एक भलीमोठी नवी इमारत, जी दिवसभर एका सुरात घुमत असे. पहिले काही दिवस जगन्नाथरावांना वाटलं, फ्रिज बिघडलाय.

फ्रिजवर मात्र दुसरंच दुखणं चिकटवलेलं होतं. गेल्या ऑगस्टमध्ये वसाहतीच्या एचओएनं, म्हणजे तिथल्या सोसायटीनं पाठवलेलं पत्र, रंगीत फोटोसकट. फोटोत यांची हिरवळ, आणि तिच्यात खेकड्यासारखं पाय पसरून बसलेलं क्रॅबग्रास नावाचं तण. संग्राम ते पत्र काढायला तयार नव्हता. म्हणायचा, बाबा, अख्ख्या रस्त्यात फोटो आला तो आपलाच. यंदा आधीच बंदोबस्त करायचा.

बंदोबस्त म्हणजे काय ते त्यानं यूट्यूबचे व्हिडिओ दाखवत समजावून सांगायला घेतलं, तेव्हा जगन्नाथरावांनी त्याला मध्येच थांबवलं. उगवणपूर्व तणनाशक. विदर्भात सोयाबीन पेरलं की मागोमाग फवारतात. तणाचं बी मातीत असतंच, ते मारायचं नसतं. त्याला कोंब फुटताना अडवायचं. लवकर टाकलं तर वाया, उशीर झाला तर तण हसतं. संग्रामची ड्यूटी त्या आठवड्यात वेळी-अवेळी होती. जगन्नाथराव म्हणाले, "संग्रामराव, हे काम माझ्याकडे द्या. आयुष्यभर बी उगवतं का ते पाहिलं. आता उगवणार नाही हे बघतो."

आणि त्यांनी ते काम प्रयोगशाळेतल्यासारखं केलं. औषधाच्या पिशवीवरची बारीक अक्षरं दोनदा वाचली. जमिनीची उष्णता पाच दिवस सलग पंचावन्न डिग्री फॅरनहाइटवर राहायला हवी, म्हणून स्वयंपाकघरातला सळईचा थर्मामीटर रोज सकाळी अंगणात तीन ठिकाणी खुपसून आकडे डायरीत लिहिले. शिवांगीनं तो थर्मामीटर मागून गुपचूप टाकून दिला आणि नवा आणला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोपऱ्यावरची फोर्सिथियाची झुडपं फुलांनी पिवळीजर्द झाली, ती तिथली वेळेची खूण; आकडेही जुळले. त्यांनी गॅरेजमधला दाणे फेकायचा ढकलगाडा काढला. गाड्याखालची चकती गरगर फिरत होती आणि राखाडी दाणे दोन्ही बाजूंना अर्धवर्तुळात उडत होते. अर्धं माप उभ्या पट्ट्यांनी, अर्धं आडव्या, म्हणजे कुठे जागा सुटायला नको. कुंपणालगत काळ्या मातीचा एक रिकामा वाफा होता. तिथे कडेला गाडा वळवावा लागे, त्यामुळे दाणे दुप्पट पडले. पडू देत, ते म्हणाले, कडेनंच तण आत शिरतं. मग अंगणात एक वाटी ठेवून तिच्यात अर्धा इंच पाणी साचेपर्यंत फवारा चालू ठेवला. औषध मातीत उतरलं. कुठेच काही उगवणार नव्हतं. चहा पिताना त्यांना जरा चमत्कारिक वाटलं खरं, पेरणाऱ्याच्या चालीनं चालून आपण हे काय पेरलं असं. पण काम चोख झालं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नात केया शाळेतून आली आणि त्यांच्याबरोबर अंगणात फिरू लागली. कुंपणाजवळ ते वाफ्यात पाय टाकणार, इतक्यात तिनं त्यांचा सदरा ओढला. "आबा, डोन्ट स्टेप देअर. आजीच्या सीड्स आहेत." आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. ते सीक्रेट होतं.

हळूहळू तिच्याकडून सगळं कळलं. पाच वर्षांपूर्वी जगन्नाथराव आणि नंदा इथे आले होते, तेव्हा नंदानं याच वाफ्यात गुलबक्षी लावली होती, अर्धी गुलाबी, अर्धी पिवळी; ते त्यांनाही आठवलं. जाताना त्यांच्या नकळत तिनं काळ्या मिऱ्यासारख्या तिच्या बिया औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत भरून ठेवल्या. ती बाटली शिवांगीला या हिवाळ्यात खणात सापडली. पाडव्याच्या दिवशी आईनं आणि केयानं इथे बिया पुरल्या. आबांना सांगायचं नाही. जुलैत फुलं आली की दाखवायचं.

जगन्नाथराव वाफ्याकडे बघत राहिले. औषधाचे दाणे आता विरघळून गेले होते. माती निरागस दिसत होती. वर खिडकीत शिवांगी कानाला हेडफोन लावून कुणाशी तरी बोलत होती. तिनं हात हलवला. त्यांनीही हलवला.

त्यांना काय झालंय ते नेमकं ठाऊक होतं, आणि तेच जड होतं. दुसऱ्या कुणाला आशा तरी करता आली असती. तरी पद्धत ती पद्धत. इंडियन स्टोअरमधून आणलेल्या मोहरीचे त्यांनी पंचवीस-पंचवीस दाणे मोजून घेतले. एका वाडग्यात वाफ्यातली माती, दुसऱ्यात मागच्या झाडीतली. दोन्ही वाडगी बेसमेंटमधल्या आपल्या खोलीच्या खिडकीत ठेवली, तारीख टाकली. शिवांगीनं विचारलं तेव्हा म्हणाले, मोहरीची कोवळी भाजी खावीशी वाटली.

सातव्या दिवशी मोजणी केली. झाडीतल्या मातीत पंचवीसपैकी तेवीस, तरतरीत. वाफ्यातल्या मातीत चार. ती चारही त्यांनी चमच्यानं अलगद उचलून पाहिली. मुळांची टोकं गदेसारखी फुगलेली, पुढे वाढच नाही. विकृत रोपं. जुन्या दिवसांत त्यांनी त्या रकान्यात चार लिहून पान उलटलं असतं. आता ते चमचा हातात धरून पलंगावर बसून राहिले. पलीकडची इमारत घुमत होती. नंदानं बोटांनी खुडलेल्या बिया, आणि वरून आपण मोजून मापून, वाटी लावून, पाणी घातलं.

सांगायचं कसं, हे त्यांना कळेना. शिवांगी रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन खिडकीत उभी राहायची आणि वाफ्याकडे बघायची. तिला वाटे, बाबांचं लक्ष नाही. त्यांचं जेवण कमी झालं. फिरायला जायचं बंद झालं. संग्रामनं त्यांच्या कामाची ऑफिसात केलेली तारीफ सांगितली, तर ते उठून आत गेले. शिवांगीनं पुरणपोळी केली, अर्धी ताटात राहिली. त्या घरात दोन माणसं एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत होती.

एप्रिलच्या मध्यावर एका शनिवारी ती त्यांच्यासमोर येऊन बसली. संग्राम सिंकपाशी भांडी विसळत होता. ती म्हणाली, बाबा, इथे करमत नसेल तर स्पष्ट सांगा. तिकीट पुढेमागे करता येतं. मला वाईट वाटेल म्हणून राहू नका. आवाज नेहमीचा होता, पण टेबलावरच्या चटईची कड ती नखानं उसवत होती.

जगन्नाथरावांच्या ध्यानात आलं, आपल्या गप्प बसण्याचा हिनं हा अर्थ लावलाय. आणखी चार दिवस असंच गेलं तर तो खराच ठरेल.

"शिवा, तुझ्या आईच्या बिया मी मारल्या," ते म्हणाले.

मग सगळं सांगितलं. केयावर ओरडू नकोस हे आधी, मग दुप्पट पडलेले दाणे, वाटीतलं पाणी, मोहरी, तेवीस आणि चार. बोलता बोलता ते अहवाल दिल्यासारखे बोलू लागले, कारण तसं बोललं की आवाज सरळ राहत होता. पाच वर्षांच्या जुन्या बिया, आधीच जोर कमी, त्यात हे. शक्यता जवळजवळ नाही. चूक संपूर्ण माझी, विचारायला हवं होतं. सिंकपाशी संग्रामनं नळ बंद केला होता.

शिवांगीनं चटईवरचं नख उचललं. डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर भलतंच काहीतरी होतं. "म्हणजे तुम्हाला परत जायचं नाहीये?"

"मी बियांबद्दल बोलतोय."

"हो, कळलं. मला वाटलं, ते औषध नुसत्या गवताचं." ती उठली. फ्रिज उघडला, दारातल्या लोण्याच्या कप्प्याचं झाकण वर केलं, आणि एक छोटं पांढरं पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं.

पाकिटावर तिच्या अक्षरात नंबर होता, पाडव्याची तारीख होती आणि खाली लिहिलं होतं, गुलबक्षी, आई, वीस दाणे. कड नीट चिकटवलेली होती.

"बाटलीत चाळीस होत्या," ती म्हणाली. "सगळ्या कशा पेरीन मी? कोणाची मुलगी आहे?"

जगन्नाथरावांनी पाकीट उचललं. कानाशी नेऊन हलवलं. आत बिया खुळखुळल्या. छातीवरून कुणी पोतं उतरवून ठेवावं तसा त्यांचा श्वास एकदम सुटला, आणि ते हसू लागले. हसता हसता चष्मा काढून सदऱ्यानं पुसू लागले. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

संग्राम हात कोरडे करत आला. "बाबा, दोन आठवडे मला वाटत होतं, तुम्ही माझ्यावर नाराज आहात. ते यूट्यूबचे व्हिडिओ दाखवले म्हणून."

"ते तर आहेच," जगन्नाथराव म्हणाले. "पण ते वेगळं."

त्या दुपारी त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि मग तास दीड तास गाढ झोपले.

पुढचं काम त्यांनी घाईनं केलं नाही. थंडीची शेवटची लाट जाऊ दिली. मे महिना लागल्यावर दुकानातून स्वच्छ माती आणली, पाच कुंड्या भरल्या. प्रत्येक बी सँडपेपरवर एका बाजूनं हलकेच घासलं, म्हणजे जुनं कवच पाणी आत घेईल. रात्रभर भिजवलं. एका कुंडीत चार दाणे. शिवांगीला त्यांनी दोन-तीनदा बजावलं की आशा ठेवू नकोस, इतक्या जुन्या मालाचा काही भरवसा नसतो. ती म्हणाली, बाबा, तुम्ही मला धीर देताय की स्वतःला? त्यावर त्यांनी कुंडीतली माती बोटानं सारखी केली.

हिरवळ यंदा एकसारखी आली. क्रॅबग्रासचं एक पातंही नाही. संग्रामनं फ्रिजवरचं पत्र काढलं आणि तिथे काहीच लावलं नाही. कुंपणालगतचा वाफा मात्र काळाच राहिला. त्यात तणसुद्धा उगवलं नाही. जगन्नाथराव रोज तिथवर जात, थोडं थांबत. तिथल्या वीस दाण्यांचा अहवाल त्यांना लिहायचा नव्हता. मग त्यांनी पाचही कुंड्या उचलून आणून त्याच वाफ्यावर ओळीनं मांडल्या.

पहिला कोंब नवव्या दिवशी आला. माती ढकलत, मान वाकवून. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. थोडा वेळ एकट्यानं पाहून घेतला. मग हाक मारली.

मोजणी चौदाव्या दिवशी झाली. शिवांगी लॅपटॉप मिटून खाली आली होती. केया मोठ्यानं मोजत होती, इंग्रजीत, आणि दोनदा चुकली. तिसऱ्यांदा जगन्नाथरावांनी स्वतः मोजलं. वीसपैकी अकरा.

त्यांनी डायरी उघडली. जिथे मार्चमध्ये जमिनीच्या उष्णतेचे आकडे होते, त्याच्या पुढच्या पानावर रकाने आखले. निकोप रोपं अकरा. विकृत शून्य. न उगवलेले दाणे नऊ. उगवण पंचावन्न टक्के. पेन थांबलं. चौतीस वर्षांत पंचावन्न टक्क्यांचा माल त्यांनी कधी सोडला नव्हता.

"नापास, ना?" शिवांगीनं खांद्यावरून वाकून विचारलं.

त्यांनी निकालाच्या रकान्यात 'पास' लिहिलं, खाली पूर्ण नावानं सही केली आणि शाई वाळेपर्यंत पान उघडंच ठेवलं.