ओदिलबाईंची सही

ओदिलबाई मूळच्या फ्रान्सच्या. बाप कालवं पिकवायचा. पोरीने दुकान सांभाळावं म्हणाला, तर पोरगी समुद्रशास्त्र शिकली. पुढे प्रयोगशाळेतल्या साहेबाने त्यांचं संशोधन आपल्या नावावर छापलं. बाईंनी भर सभेत त्याला सुनावलं आणि नोकरी सोडून थेट सौदीतलं दम्माम गाठलं. त्याला बावीस वर्षं झाली. लग्न नाही, मूलबाळ नाही. समुद्रातलं गवत, ते खाणारी कासवं आणि बोट चालवणारा दाभोळचा कादिर, एवढंच गोत.

गेल्या हिवाळ्यात बाईंच्या कंपनीला एक खाडी बुजवून हॉटेल बांधायचं होतं. खाडीत गवत नाही, असा कागद हवा होता, आणि त्यावर सही बाईंचीच चालणार होती. पाहणीला कंपनीने मुद्दाम भांगेचे दिवस ठरवले. भांगेला ओहोटीतसुद्धा पाणी फारसं उतरत नाही, तळ दिसत नाही. बाईंनी सही केली नाही.

रियाधहून कंपनीचा देवदत्त नावाचा अधिकारी समजूत घालायला आला. आधी वयाचा मान राखून बोलला, मग म्हणाला, "मॅडम, तुमचा इकामा आमच्या हातात आहे. तो रद्द झाला तर देश सोडावा लागेल."

"असेल. गवत खाडीत आहे. अमावास्येला पाणी पार उतरतं, तेव्हा बघायला चला."

कटकट एकदाची मिटावी म्हणून तो गेला, चकचकीत बूट घालून. कादिरने उतरत्या पाण्यात बोट खाडीच्या मधोमध नेली आणि इंजिन बंद केलं. बघता बघता पाणी सरलं, बोट तळाला टेकली. चहूकडे हिरवंगार गवत.

देवदत्त मराठीत वैतागला. "कादिरभाई, दाभोळचे ना तुम्ही? ओहोटी कळली नाही?"

"कळली की. म्हणून तर आणलं. हे अल्लाहने पेरलेलं, साहेब. नाही कसं म्हणायचं? ज्याच्या व्हिसावर आहे तो कफील उद्या ओरडेल माझ्यावर. ओरडू दे."

बाई केव्हाच खाली उतरल्या होत्या. गवतावर लोखंडी चौकट ठेवून त्यांनी देवदत्तला हाक मारली. आतली पाती मोजायची आणि लिहायची, म्हणाल्या. तासभर तो बोटीतच फुगून बसला. मग ऊन चढलं, फोनला रेंज नव्हती. अखेर बूट काढून, विजार दुमडून तो उतरला. त्याच्या हाताने वहीची चार पानं भरली.

शेवटच्या पानाखाली बाईंनी सही केली आणि वही त्याच्यापुढे धरली.

"मी सही केली तर रियाधला माझी धडगत नाही," तो म्हणाला.

"माझीही नाही. विचार करा सावकाश. पाणी यायला अजून तीन तास आहेत."

देवदत्तने एकदा त्या हिरव्या पसाऱ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल मागितली.