होळीतला आमचा नारळ

आमचे वडील शिंपी. घाटावरून उतरले ते रेवदंड्याला, आणि तिथून होडीने खाडी ओलांडून पलीकडच्या कोळीवाड्यात स्थिरावले. एकोणीसशे तीसच्या सुमाराची गोष्ट. खाडीच्या अलीकडे इंग्रजांचा मुलूख, पलीकडे संस्थान. माशांना त्याचा पत्ता नव्हता, माणसांना मात्र त्याचं भान ठेवावं लागे. संस्थानात घराला जागा हवी तर आधी संस्थानची रयत व्हावं लागे, आणि त्यासाठी तिथले अंमलदार असलेल्या महालकरीसाहेबांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागत. तोवर आम्ही होडी चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलाच्या पडवीत राहत होतो.

जागेपेक्षाही वडिलांना दुसऱ्याच गोष्टीची ओढ होती. शिमग्याला कोळीवाड्यातल्या प्रत्येक घराचा एक नारळ होळीत पडायचा. आमचा तांडेलच एकेका घराला हाक मारी. आम्हाला हाक नसे, कारण उपऱ्याचं घर कुणी मोजत नसे. आम्ही कडेला उभे राहून बघायचो आणि वडील उगाचच खोकत राहायचे.

मग तयारी सुरू झाली. संस्थानातले महाल, म्हणजे तालुके, कुठले, जकातीची नाकी कुठे, गादीवर आधी कोण बसलं आणि नंतर कोण, हे सगळं वडील शाळामास्तरांकडून शिकून येत आणि शिडं शिवता शिवता घोकत. परीक्षा मी घ्यायची. ते चुकले की मी आईसारखी कपाळावर हात मारून घ्यायचे. आई म्हणायची, "अहो, एवढा अभ्यास लहानपणी केला असतात तर आज तुम्हीच महालकरी असता!"

साहेबांचं बोलावणं आलं त्या दिवशी वडील धुतलेली टोपी घालून चावडीवर गेले. साक्षीला तांडेल होता, आणि हट्टाने मागे लागलेली मी. महालकऱ्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

वडिलांनी ताडकन घाटावरचं गाव सांगितलं. वर कुलदैवतही सांगितलं.

आपल्याकडे हे असंच. तीन पिढ्या मुंबईत काढलेला माणूसही गाव विचारलं की आजोबांचंच सांगतो. पण त्या चावडीवर असं उत्तर म्हणजे आपल्याच हाताने पायावर धोंडा. कारकून हसला. तांडेलाने डोळे मिटले. मला तर रडूच फुटलं.

महालकऱ्यांनी टाक खाली ठेवला. "बरं, मग शिमग्याला कुठे असता?"

हा प्रश्न आमच्या घोकंपट्टीत नव्हता. कोकणातला माणूस वर्षभर कुठेही असो, शिमग्याला आपल्या गावी जातो, आणि साहेब ते पुरतं जाणून होते.

"इथंच," वडील गोंधळून म्हणाले. "शिमग्याला होड्या सजवतात ना, साहेब. सगळ्यांचे बावटे मीच शिवतो. घरातली दरवर्षी माहेरचं नाव काढते, पण बावटे संपतील तर जाऊ! मी गेलो तर होड्या उघड्याबोडक्या राहतील."

"व्हय साहेब," तांडेल म्हणाला. "आमच्यातली मानसं रुसून जातील, पन यो न्हाय जानार."

साहेबांनी पुढे काही विचारलंच नाही, अर्जावर सही केली. घोकलेलं सगळं वाया गेलं याचं वडिलांना जरा वाईटच वाटलं. घरी येताना त्यांनी ते मला पहिल्यापासून म्हणून दाखवलं, आणि एकदाही चुकले नाहीत.

पुढच्या शिमग्याला आमचं कुडाचं घर उभं होतं. होळी पेटली, तांडेल हाका मारू लागला. सगळ्यांचं झाल्यावर आवाज आला, "शिंपीदादा, तुजा नारल आन! होली थांबलीय."

वडील पुढे गेले. नारळ टाकून परतले तेव्हा ते सगळ्यांदेखत रडत होते. मला इतका आनंद झाला की मी आईचा पदर सोडून नाचायलाच लागले.

तेवढ्यात रेवदंड्याहून आलेल्या कुणा पाहुण्याने त्यांना सहज विचारलं, "काका, गाव कोणतं तुमचं?"

वडिलांनी डोळे पुसले आणि घाटावरचं गाव सांगितलं, कुलदैवतासकट.

तांडेलाने कपाळावर हात मारला. "साहेब न्हाय हितं, म्हनून वाचलास!"