दीड फुटाचा ओटा

चुलीपुढून उठताना माय आधी एक हात जमिनीला टेकवायची, मग दुसरा भिंतीला, आणि मग "बाई वो" म्हणत वर यायची. भिंतीवर त्या जागी तिच्या पंज्याचा काळपट डाग होता. दर दिवाळीला आम्ही तो चुन्यानं पोतायचो आणि संक्रांतीपर्यंत तो पुन्हा उमटायचा. बालाघाटात आमचं घर दोन खोल्यांचं, कवेलूचं, म्हणजे कौलारू. बाबा राइस मिलमध्ये हमाल होते. माय एका साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाक करायची.

बंगल्यात काळ्या ग्रेनाइटचा ओटा होता. तिथली मॅडम उंच होती, त्यामुळे ओटाही उंच, आणि माय ठेंगणी. ती एका लाकडी पाटावर उभी राहून पोळ्या लाटायची. तिथं उभ्यानं दोन वेळचं करून घरी यायची आणि आमच्यासाठी पुन्हा जमिनीवर बसायची. तिथं उभं राहून गुडघे दुखत नाहीत, इथं बसून दुखतात, हे तिनं मला एकदा सहज सांगितलं होतं. मी ते विसरले नाही.

आमच्या खानदानात कॉलेज पास झालेली मी पहिली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही. बी.एस्सी. झाल्यावर कटंगीकडच्या एका शाळेत शिक्षाकर्मी, म्हणजे कंत्राटी शिक्षिका म्हणून लागले. आठवडाभर तिथं खोली करून राहायचं, शनिवारी मिळेल ती बस धरून घरी यायचं. नोकरी लागल्यावर आधी गॅस घेतला. मग ठरवलं, मायसाठी ओटा करायचा, आणि तोही ग्रेनाइटचा.

बाबांना घेऊन दगडाच्या दुकानात गेले. दुकानदारानं घर कुठं, कसं, विचारलं. बाबांनी सरळ सांगितलं, कवेलूचं आहे. तो हसला नाही, पण त्याचा नोकर हसला. दुकानदार म्हणाला, "पहले छत तो डलवा लो, काका. ऊपर कवेलू, नीचे ग्रेनाइट, अच्छा लगेगा क्या? कडप्पा ले जाओ." बाबा हात जोडल्यासारखे उभे होते. हमाली करून माणसाची पाठ वाकते हे मला माहीत होतं. दुकानाच्या काउंटरपुढं ती वेगळी वाकते, हे त्या दिवशी पाहिलं. मी म्हटलं, ग्रेनाइटच पाहिजे, आणि लावायला माणूस पाठवा. माणूस पाठवतो म्हणाला. आम्ही दोन रविवार वाट पाहिली. तिसऱ्या रविवारी मी दुकानात जाऊन मागच्या अंगणात पडलेले, मोठ्या स्लॅबमधून उरलेले दोन तुकडे निवडले, पैसे दिले, ते हातगाडीवर घातले आणि बाबांना म्हटलं, आपणच लावू.

"आपल्याले जमन?"

"त्याले जमते तं आपल्याले काहून नाही जमणार?"

ओळखीच्या फरशीवाल्याकडून कटर मागून आणला. अंगणात दगड विटांवर ठेवला, खडूनं रेघ मारली. मी कटर धरायची, माय लोट्यानं पाण्याची धार सोडायची, म्हणजे पातं तापत नाही आणि धूळ उडत नाही. लाइट मध्येच जायची. मग आम्ही तिघंही तोंडाला पांढरा चिखल लागलेले तसेच बसायचो, आणि रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. शेजारची म्हणाली, "पोरगी मास्तरीण झाली म्हणत होते, हे तं पाथरवटीण झाली." माय म्हणाली, "हौ, दोन्ही झाली. तुह्या पोराले पाठव शिकाले." समोरची कड बाबांनी पाण्याच्या पॉलिश कागदानं घासली. जाड कागदापासून बारीक कागदापर्यंत, हाताची कातडी निघेपर्यंत. संध्याकाळी त्या कडेवर बोट फिरवलं तर ते अडत नव्हतं.

मग उंचीचं माप. मी मायला भिंतीशी उभं केलं आणि हवेत पोळी लाटायला सांगितलं. ती लाजली, पण लाटली. तिच्या कोपराच्या थोडं खाली मी कोळशानं रेघ ओढली. बाबांना बजावलं, या रेघेपर्यंत विटांचे पाये चढवा, दगड पुढच्या शनिवारी मी आल्यावर ठेवू.

पुढच्या शनिवारी आले, तर दारात नारळाची करवंटी पडलेली. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, राजेगावहून आलेले होते आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा पीत होते. दगड बसवून झाला होता. चकाकत होता. जमिनीपासून दीड फूट उंच. आणि त्याच्यापुढं माय उकिडवी बसून पोळ्या लाटत होती, पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढून. भिंतीवर कोळशाची रेघ तशीच होती, कितीतरी वर.

मी पिशवी खाली ठेवली. "हे काय केलं?"

बाबांनी मोठ्या भावाकडे पाहिलं. मोठे बाबा बोलले. "म्या सांगतलं. पुरुष माणूस खाली जेवाले बसते. त्याच्या डोक्यावर सून उभी राहीन काय? भासऱ्यासमोर? आपल्यात अशी रीत हाये काय? ग्रेनाइट पाहिजे होतं, झालं नं ग्रेनाइट."

आमच्यात भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, बसलेला असला की भावसून उभी राहत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच डोकं फिरलं. कोणी परक्यानं चूक केली असती तर इतकी चीड आली नसती.

मी म्हटलं, "बंगल्यात साहेब बसून जेवते, अन् माय उभी राहून त्याले गरम पोळी देते. तवा रीत कुठं जाते?"

"साहेब काय तिचा भासरा हाये?"

तो माणूस आपल्या जागी पक्का होता. मग मी म्हटलं, "म्हणजे परक्या घरी तिले उभं राहाची सूट हाये, अन् आपल्या घरी नाही. लय चांगली रीत हाये, मोठे बाबा."

"शिकली तं बोलाले शिकली," ते बाबांकडे बघून म्हणाले.

मायनं पदराआडून हळूच म्हटलं, "राहू दे, बाई. चिकना तं झाला. पुसाले सोपा हाये."

हे ऐकून माझा सगळ्यात जास्त राग मायवर आला. बाबांवर आला नव्हता इतका. ग्रेनाइट आणून, कापून, घासून, आम्ही तिला फक्त पुसायला सोपी जमीन दिली होती. आणि ती त्यातही समाधान शोधत होती, कारण तिला कोणी दुसरं काही शोधू दिलं नव्हतं.

मी अंगणातून छिन्नी-हातोडी आणली. सिमेंट दुपारचंच होतं, आतून ओलं. छिन्नी दगडाखाली घातली. मोठे बाबा उठले. "लावलेला ओटा उपटते? अपशकुन हाये."

"मंग बाहेरच्या खोलीत बसा. तिथं शकुन हाये."

ते चपला घालून निघाले. राजेगाववरून जाणारी गोंदियाची बस अजून मिळणार होती. बाबा त्यांच्यामागं दारापर्यंत गेले, तिथं थांबले. मला वाटलं, आता ते माझ्यावर हात उगारतील. ते परत आले, गुडघ्यावर बसले आणि दगडाच्या दुसऱ्या बाजूनं बोटं घातली. "एकटी उचलशीन तं फुटन," एवढंच म्हणाले. डाव्या तुकड्याचा कोपरा तरी फुटलाच. तो टवका अजून तसा आहे आणि मी तो भरू दिलेला नाही.

रविवारी सकाळपासून बाबांनी पाये चढवले. मी पाण्यानं भरलेली नळी धरून चारही टोकांची पातळी पाहत होते. कोळशाच्या रेघेशी आल्यावर सिमेंटचा थर पसरला, दगड ठेवले, जोडात काळा रंग घातलेलं सिमेंट भरलं. मायला हात लावू दिला नाही. ती उंबऱ्यात बसून सांगत होती, "तिकडून खाली हाये," आणि ते खरंच खाली निघायचं.

मोठे बाबा पुढं आपल्या एका खटल्याच्या तारखेला बालाघाटच्या कोर्टात आले ते पावसाळ्यात. आमच्याकडे जेवल्याशिवाय ते कधी गावी गेले नव्हते. बाबांनी त्यांचं पान बाहेरच्या खोलीत मांडलं. मधल्या दारातून माय दिसत होती, पदर डोक्यावर, पण उभी. त्यांनी एकदा तिकडं पाहिलं, मग ताटात पाहिलं आणि भात कालवला. चूक झाली असं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. माफ करणं माझ्या नाही.

त्या घरावर आजही कवेलूच आहेत. त्याखाली आम्ही तिघांनी कापलेला, घासलेला आणि बसवलेला ग्रेनाइटचा ओटा आहे, मायच्या उंचीचा. माझी माय आपल्या घरात उभी राहून स्वयंपाक करते.